गोधडीत आपले रान उतरावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत नागपुरातील हस्तकला प्रदर्शनांत भिंतीवर लावायच्या गोधड्या दिसू लागल्या आहेत. पांघरण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी शिवलेल्या या गोधड्यांना शिवणाऱ्या बहुतेक जणी ‘आर्ट क्विल्ट’ म्हणतात, आणि त्यांचा विषय जवळजवळ नेहमी निसर्ग असतो. झाडे, पाने, पक्षी, पाणी, डोंगर कापडाच्या तुकड्यांतून आणि टाक्यांतून उभे करायचे, असे हे काम आहे. मी स्वतः ते करते, इतरांनी केलेले आवर्जून पाहायला जाते, आणि या कलेला आपल्या शहरात चांगले दिवस यावेत असे मला मनापासून वाटते. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

फाल्गुनात शहरात भरलेल्या एका प्रदर्शनात मी अशा गोधड्यांची एक अख्खी भिंत पाहिली. शिवण सफाईदार होती, कोपरे काटकोनात बसले होते, टाके एकसारखे होते. एवढ्या बारकाईच्या कामाला किती संध्याकाळी खर्ची पडतात याची मला कल्पना आहे. पण त्या भिंतीवर मेपलची लाल-नारिंगी पाने होती, ट्यूलिपचे ताटवे होते, बर्फ साचलेले पाइन वृक्ष होते आणि लाल तुऱ्याचा अमेरिकी कार्डिनल पक्षी होता. त्याच आठवड्यात उमरेड आणि रामटेककडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने पळस फुलला होता, कुसुमाला तांबडी पालवी फुटली होती, मोहाची फुले गळायला सुरुवात झाली होती. यांतले काहीही त्या भिंतीवर नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की निसर्गावरची गोधडी स्वतः पाहिलेल्या निसर्गावरून शिवली जावी. परदेशी विषयाला मनाई असावी असा माझा आग्रह नाही. ज्याने मेपलच्या झाडाखाली उभे राहून त्याची पाने वेचली आहेत, त्याने मेपल अवश्य शिवावा. मात्र जे पान कधी हातात घेतले नाही, त्याचा आयता आराखडा आंतरजालावरून छापून घ्यायचा, दिलेल्या क्रमांकाप्रमाणे तुकडे कापायचे आणि दिलेल्या रंगांप्रमाणे जोडायचे, यात हाताचा सराव होतो, डोळ्याचा होत नाही. शिकताना हा मार्ग चांगलाच आहे. हात बसल्यानंतरही वर्षानुवर्षे तिथेच थांबणे मला खटकते, कारण ज्या प्रदेशात आपण राहतो तो कापडात उतरवण्यासाठी विलक्षण समृद्ध आहे.

पळसाचेच पाहा. पळस म्हटले की आपण केशरी कापड हातात घेतो आणि करड्या फांदीवर केशरी तुकडे लावत जातो. फुललेली फांदी जवळून पाहिली तर मात्र केशरीइतकाच ठळक दिसतो तो काळा रंग. फुलाचा देठ आणि पाकळ्यांना धरून ठेवणारा पुष्पकोश काळपट तपकिरी असतो व त्यावर मखमली लव असते. न उमललेल्या कळ्यांचे घोस दुरून जवळजवळ काळेच दिसतात. या काळ्यातून बाहेर येते म्हणून ती केशरी पाकळी इतकी झळाळते. पाकळी सपाट नसते, ती बाकदार असते, आणि तिच्या बाहेरच्या बाजूवर बारीक रुपेरी लव असल्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात तिचा रंग वेगळा दिसतो व दुपारी वेगळा. झाडावर त्या दिवसांत पाने जवळजवळ नसतात, आणि मागचे आकाश निळेशार नसून धुळीने फिकटलेले असते.

एवढे पाहिल्यावर कापडाची निवडच बदलते. मी सध्या पळसाची जी गोधडी शिवते आहे, तिच्या पाकळ्यांसाठी जीर्ण झालेली केशरी टसरची साडी वापरली आहे, कारण टसरला स्वतःची खरखरीत चमक असते आणि कोन बदलला की तिचा रंगही किंचित बदलतो. पुष्पकोशासाठी जुन्या मखमली पोलक्याच्या बाह्या उपयोगी पडल्या. पाकळीचा तुकडा मी उरेब, म्हणजे विणीला तिरपा, कापते, त्यामुळे कापड ताणून त्याला बाक देता येतो, आणि तो एका कडेनेच शिवते. टोक सुटे ठेवल्यामुळे त्याची छोटी सावली खालच्या कापडावर पडते. मागचे आकाश एका धुऊन धुऊन विरलेल्या पांढऱ्या धोतराचे आहे. धोतराच्या पोतात जो मळकट मऊपणा येतो तो दुकानातल्या नव्या कापडात मिळत नाही, आणि मार्चमधल्या आपल्या आकाशाला तोच शोभतो. यातली कोणतीही युक्ती मला आराखड्याच्या पुस्तकातून सुचली नसती. ती फांदीकडे पाहूनच सुचली.

ऐनाचे झाड तर गोधडी शिवणाऱ्यांसाठीच उभे आहे असे वाटावे. त्याची जाड, करडी साल उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनी ठिगळांत फाटलेली असते, म्हणून त्याला मगरीच्या कातडीचे झाड असेही म्हणतात. तीन थर एकत्र शिवताना टाका कापडाला खाली ओढतो आणि दोन टाक्यांच्या ओळींमधला भाग वर उचलला जातो. हा उठाव कापडाच्या चित्राला असतो आणि रंगाच्या चित्राला नसतो. ऐनाच्या सालीत भेगांच्या जागी दाट धावदोरा घातला आणि ठिगळांचे भाग मोकळे सोडले की साल आपोआप उभी राहते, वरून रंग देण्याची गरज उरत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली आपली काळी कपाशीची जमीनही याच पद्धतीने फार सुंदर येते. मी ती एकाच काळ्या सुती कापडावर, त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेली पाहिली आहे. समोरून ती नुसते काळे कापड वाटते आणि बाजूने उजेड पडला की शेत दिसू लागते.

कपाशीचे फूलही पाहण्यासारखे आहे, आणि आपल्याकडे ते दुर्मीळ नाही. शेतात सर्रास लावली जाणारी कपाशी पहिल्या दिवशी फिकट पिवळसर पांढरे फूल उमलवते आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होते, त्यामुळे एकाच झाडावर दोन रंगांची फुले एकाच वेळी दिसतात. विदर्भात कापसावरून इतके काही घडले आहे. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती या कापसाच्या जवळ राहण्यासाठी, आणि कापूस संशोधनाची देशातील मध्यवर्ती संस्थाही याच शहरात आहे. असे असताना कपाशीचे फूल कापसाच्याच कापडावर शिवलेले मला नागपुरातील प्रदर्शनांत अजून आढळलेले नाही. ते कोणी तरी करावे.

सागाबद्दल थोडे सांगते. पावसाळ्याच्या अखेरीस गोरेवाड्याकडे किंवा पेंचच्या वाटेवर गेल्यास सागाची पुष्कळ पाने अळीने खाल्लेली दिसतात. ही अळी शिरा सोडून मधला मऊ भाग तेवढा खाते आणि पानाची नुसती जाळी उरते. वनखात्याच्या दृष्टीने ती कीड आहे; आपल्या दृष्टीने मात्र ते पान म्हणजे टाक्यांचा तयार नकाशा आहे, कारण मुख्य शीर कुठून निघते, उपशिरा किती अंतराने फुटतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक शिरा कशा जवळजवळ समांतर धावतात हे सगळे उघडे पडते. मुख्य शिरेला देठटाका, उपशिरांना टीप आणि मधल्या जाळीला एकेरी धावदोरा घातला तर पान ओळखू येते, मग ते कोणत्याही रंगाच्या कापडावर असो.

आपल्याकडे विदर्भाचा विषय घेतला जातो तेव्हा तो बहुधा वाघ असतो. ताडोबा आणि पेंच जवळ असल्यामुळे ते स्वाभाविकच आहे. पण वाघाच्या या गोधड्या बहुतेक वेळा कोणा छायाचित्रकाराच्या गाजलेल्या छायाचित्रावरून जशाच्या तशा उतरवलेल्या असतात, छायाचित्रकाराची परवानगी घेतलेली नसते, आणि वाघाच्या मागे जे गवत असते ते ताडोबाच्या बांबूशी व सागाशी काही नाते सांगत नाही. वाघाचे पट्टे शिवणे सोपे नाही, हे मी जाणते. तरीही मला असे वाटते की ज्यांना प्राण्या-पक्ष्यांचा विषय हवा आहे त्यांनी एकदा नवरंगाकडे वळावे. पावसाच्या सुरुवातीला तो मध्य भारतातल्या जंगलांत विणीसाठी येतो, आणि हिरवी पाठ, पंखावरचा निळा, पोटाखालचा लाल, डोळ्यावरची काळी पट्टी असे इतके रंग अंगावर असूनही तो सहसा दिसत नाही, कारण तो जमिनीवरच्या ओल्या पालापाचोळ्यात वावरतो. त्याची गोधडी करायची तर निम्मे काम त्या पाचोळ्याचे आहे: तपकिरी, काळपट, कुजकट पिवळे तुकडे एकमेकांवर चढवायचे आणि पक्षी त्यांच्यात अर्धा लपवायचा. सगळे रंग मध्यभागी मोकळे मांडले तर तो पक्षी पिंजऱ्यातला दिसेल.

माझ्या या आग्रहाला या कलेचा इतिहासही साक्ष आहे. जुन्या अमेरिकी गोधड्या १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने चित्रांप्रमाणे भिंतीवर लावल्या आणि पुढे १९७९ पासून ओहायो राज्यातील अथेन्स गावी, एका जुन्या गोठ्याच्या इमारतीत, नव्या कलात्मक गोधड्यांचे प्रदर्शन नियमित भरू लागले. तिथे जे घडले त्यातून आपण नक्कल करतो ती फक्त त्यांच्या नमुन्यांची. नक्कल करायची तर त्यांच्या दृष्टीची करावी. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवलेली चित्रगोधडी आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तिच्यात बायबलमधल्या प्रसंगांच्या जोडीने त्यांच्या मुलखातल्या लोकांच्या स्मरणात राहिलेल्या आकाशाच्या घटना आहेत: १८३३ च्या नोव्हेंबरात झालेला उल्कावर्षाव, १७८० च्या मे महिन्यात भर दिवसा पडलेला अंधार, आणि १८९५ च्या फेब्रुवारीतला एक जीवघेणा थंड गुरुवार. यांतल्या पहिल्या दोन घटना त्यांच्या जन्माआधीच्या आहेत, म्हणजे त्या त्यांनी थोरामोठ्यांकडून ऐकून शिवल्या. आपल्या माणसांनी कोणते आकाश पाहिले, हे त्यांनी कापडात नोंदवून ठेवले.

हवाईचे उदाहरण तर आपल्याला अधिकच लागू पडते. तिथे १८२० साली आलेल्या मिशनरी बायकांनी स्थानिक स्त्रियांना तुकडे जोडून गोधडी शिवायला शिकवले. तंत्र परके होते, पण हवाईच्या स्त्रियांनी त्यात लवकरच स्वतःची रीत आणली. कापड घड्या घालून कापायचे, म्हणजे उघडल्यावर चहूबाजूंनी सारखी आकृती मिळते. ती आकृती विलायती फणसाच्या पानांची किंवा त्यांच्या बेटावरच्या दुसऱ्या झाडांची असते. आणि तिच्याभोवती एकामागून एक टाक्यांच्या ओळी अशा घालायच्या की त्या किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांसारख्या पसरत जातात. आज हवाईची गोधडी जगात लांबून ओळखू येते. शिकवणाऱ्या बायकांच्या गावची पाने त्या शिवत राहिल्या असत्या तर तिला वेगळी ओळख मिळाली नसती.

आपल्या देशात शोधायला तर दूरही जावे लागत नाही. बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिथल्या गोधडीत, कमळ, मासा, कदंब आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून मध्याकडे शिवत नेऊन कवंदी तयार करतात. आणि आपली वाकळ, आपली चौघडी, बाळाचे दुपटे घराघरात होतेच. जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये विरलेले धोतर, वरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धावदोरा ही आपल्या आज्यांची रीत भिंतीवरच्या गोधडीलाही पुरते. दुकानात मिळणारे पॉलिएस्टरचे भरण घातल्याने गोधडी फुगीर होते खरी, पण टाका त्यात हरवतो आणि बारीक काम दिसत नाही. जुन्या सुती लुगड्याचे दोन थर भरण म्हणून घातले तर सुई सहज जाते, टाका स्वच्छ उमटतो, आणि गोधडी भिंतीवर सरळ पडते.

कापडाबद्दल बोलते आहे तर टसरविषयी थोडे अधिक सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ते कापड आणि आपले रान ही वेगळी नाहीतच. भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या उभ्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवल्या जातात. ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत आणि पाखरांपासून अळ्या राखण्यासाठी रानात मुक्काम करत आली आहेत. अळी झाडाच्या डहाळीला देठाने लटकणारा टणक कोष करते, आणि त्यातून निघणाऱ्या धाग्याला रंग न देताच मधासारखी सोनेरी छटा असते. म्हणजे ज्या ऐनाची साल मी वर वर्णन केली, त्याचीच पाने खाऊन हा धागा तयार होतो. ऐनाचे झाड टसरवर शिवणे ही योजना एखाद्या शिवणाऱ्याच्या मनात आली, तर तिला रंगाच्या पेटीतले काहीच लागणार नाही. फिकट, गडद, भुरकट अशा टसरच्या नैसर्गिक छटांतच ते झाड पुरे होईल. आपल्या करवती काठाच्या साड्या जीर्ण झाल्यावर त्यांचे काठ अनेक घरांत टाकून दिले जातात. त्या काठावरचे करवतीसारखे दाते डोंगरांच्या रांगेसाठी किंवा वाळल्या गवताच्या कडेसाठी फार उपयोगी पडतात. असे काठ कोणाकडे असतील तर फेकू नयेत.

रंगांबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी. निसर्गावरची गोधडी नैसर्गिक रंगांतच असावी असा एक विचार आता पुढे येतो आहे आणि तो मला आवडतो, पण सगळे नैसर्गिक रंग सारखे टिकाऊ नसतात. पळसाची फुले उकळून तुरटी लावलेल्या कापडावर सुरेख पिवळा रंग येतो, त्यात किंचित चुना पडला की तो नारिंगीकडे झुकतो. परंतु उन्हात हा रंग लवकर उडतो, आणि हळदीचा तर त्याहून लवकर. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा पुष्कळ टिकतात. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेले कापड लोखंडाच्या पाण्यात बुडवले की काळा मिळतो, पण लोखंड जास्त झाले तर काही वर्षांनी कापडच कमजोर होते. म्हणून गोधडी भिंतीवर लावायची असेल तर पळसाच्या फुलांचा रंग पळसाच्याच फुलाला देण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. तिथे टिकाऊ रंगाचे कापड घ्यावे आणि फुलांचा रंग पाहायचा तो होळीला पाहावा.

याच कारणाने प्रदर्शन भरवणाऱ्यांनाही काही सांगायचे आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मोठ्या खिडकीसमोर टांगलेल्या गोधडीचा रंग एकाच हंगामात फिका पडू शकतो. जगातील संग्रहालये जुनी वस्त्रे जेमतेम ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात ठेवतात. तेवढी काळजी आपल्या मंडपांत शक्य नाही, पण थेट ऊन आणि तापलेले दिवे तरी टाळता येतील. कोपऱ्यात चार खिळे ठोकून गोधडी ताणली की काही दिवसांतच ती मधे झोळते आणि खिळ्यांजवळ फाटते. मागच्या बाजूला वरच्या कडेने कापडाची नळी शिवून तिच्यातून लाकडी दांडी घातली तर सगळे वजन सारखे विभागले जाते. हे काम शिवणाऱ्यांनीच करून द्यावे आणि आयोजकांनी त्याचा आग्रह धरावा. गोधडी ठेवून द्यायची वेळ आली तर घडी न घालता जुन्या सुती चादरीसह गुंडाळून ठेवावी, कारण घडीच्या रेषेवर टसर आणि रेशीम हमखास चिरते.

याहून मला अधिक लागते ते असे की या गोधड्यांखाली शिवणाऱ्यांची नावे नसतात. किंमत असते, गटाचे नाव असते, कधी कधी ‘हस्तनिर्मित’ एवढाच शब्द असतो. ज्या प्रदर्शनाचा मी उल्लेख केला तिथे एका गोधडीसमोर मी बराच वेळ उभी होते, कारण सगळ्या मेपल आणि ट्यूलिपांत ती एकटी निराळी होती: तलावाचे पाणी, त्यात उलटे दिसणारे बाभळीचे झाड, आणि काठावर दोन बगळे. पाणी निळ्या कापडाचे नव्हते. ते करड्या आणि शेवाळी रंगाच्या आडव्या पट्ट्यांचे होते, आणि बाभळीच्या प्रतिबिंबाचे टाके वरच्या झाडाच्या टाक्यांपेक्षा मुद्दाम लांब आणि सैल घातले होते, त्यामुळे ते खरोखरच पाण्यात हलल्यासारखे दिसत होते. ज्याने फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या काठावर सकाळी उभे राहून पाहिले आहे त्याचेच हे काम असणार. कोणी केले म्हणून विचारले तेव्हा टेबलावरच्या व्यक्तीला ते सांगता आले नाही. ती गोधडी उशांच्या खोळी आणि टेबलक्लॉथ यांच्या मध्ये लावलेली होती. खोळींना मी कमी लेखत नाही, पण ते पाण्याचे चित्र होते आणि त्याला थोडी मोकळी जागा मिळायला हवी होती.

काही मैत्रिणी मला म्हणतात की मेपल विकला जातो आणि ऐन विकला जाणार नाही, कारण गिऱ्हाइकाला ओळखीचे चित्र हवे असते. ही अडचण खरी आहे आणि घर चालवण्यासाठी शिवणाऱ्या बाईला मी त्यावरून काही सुनावणार नाही. पण नागपूरच्या गिऱ्हाइकाला मेपल ओळखीचा वाटतो तो त्याने तो पुन्हा पुन्हा छापलेला पाहिला म्हणून. ऐनही पुन्हा पुन्हा दिसला तर ओळखीचा होईल. शिवाय गोधडीजवळ झाडाचे नाव आणि ते कुठे पाहिले हे लिहिलेले असले, तर घेणाऱ्याला त्या रस्त्याने जाताना ते झाड शोधावेसे वाटते. माझ्याकडून सागाचे पान नेलेल्या एका कुटुंबाने मला पुढे तसे सांगितलेही.

शाळांकडून मला फार आशा आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना धावदोरा, टीप, साखळी टाका शिकवला जातो तो रुमालाच्या कोपऱ्यात गुलाब काढण्यासाठी. त्याऐवजी वर्गाला एकदा महाराजबागेत किंवा सेमिनरी हिल्सवर नेऊन प्रत्येकाने एकेका झाडाचे पान आणि सालीचा ठसा कागदावर घ्यावा, घरातल्या जुन्या कपड्याच्या वीतभर तुकड्यावर तो शिवावा, आणि सगळे तुकडे जोडून वर्गाची एक गोधडी करावी. सालीवर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत. मुलगे आणि मुली दोघांनीही हे करावे. गोधडी शिवणे हे बायकांचे काम ही समजूत त्या वयातच सुटली तर बरे. आपल्या १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला, म्हणजे अजब बंगल्याला, शाळांच्या सहली जातच असतात. तिथे निसर्गाचे नमुने पाहून आलेल्या मुलांना लगेच सुई-दोरा हातात दिला तर काय पाहिले ते जास्त चांगले लक्षात राहील, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीच्या सुमारास आणि हिवाळ्यात शहरात हस्तकलेची अनेक प्रदर्शने भरतात, त्यांच्या प्रवेशिका पावसाळ्यातच मागवल्या जातात. आयोजकांना आपल्या वृत्तपत्रातून माझी विनंती आहे की या वर्षी निसर्गविषयक गोधड्यांसाठी एक वेगळी भिंत राखावी, आणि प्रत्येक प्रवेशिकेसोबत चार गोष्टी लेखी मागाव्यात: शिवणाऱ्याचे नाव, कापड कशाचे आहे, कोणते झाड, पाखरू किंवा पाणी शिवले आहे, आणि ते कुठे व कोणत्या महिन्यात पाहिले. हा मजकूर गोधडीशेजारी मराठीत, ठळक अक्षरांत लावावा. परीक्षक नेमताना शिवणकामाच्या जाणकारासोबत आपल्या जंगलांची ओळख असलेली एक व्यक्ती घ्यावी. ज्यांना या हंगामात सुरुवात करायची आहे त्यांनी आषाढात बाहेर पडावे. त्या दिवसांत नवरंग आलेला असतो, सागाला नवी मोठी पाने असतात, आणि साग कोवळा असताना पान चोळले की बोटांना लाल रंग लागतो, तोही कापडावर घेऊन पाहावा.

आपली,
एक नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर